आर्म जोडला, हिरवा दिवा लागला, तरी माप चुकलं



मागच्या व्हिडिओत आमच्या वर्कशॉपमधला मेजरिंग आर्म दाखवला होता. त्यानंतर बरेच फोन आले आणि जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच होता, "सर, सेकंडहँड केवढ्याला मिळेल?" त्याचं उत्तर मी इथेही देणार नाही. मॉडेल कोणतं, लांबी किती, शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं, यावर आकडा एवढा हलतो की मी काही बोललो तर तुम्ही तोच धरून बसाल आणि कोणीतरी तुम्हाला त्याच आकड्यात भंगार विकेल.

मला दुसरीच गोष्ट सांगायची आहे. आर्म विकत घेणं हा या कामातला सोपा भाग आहे. तुमच्याकडे आधीपासून जे इन्स्पेक्शन सॉफ्टवेअर आहे त्याला तो जोडणं, आणि जोडल्यावर तो खरं माप सांगतोय ना हे तपासणं, यात माझे जवळपास दोन महिने गेले. एक चांगला कस्टमरही हातचा जाता जाता राहिला. व्हिडिओत हे सगळं बसत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी आमची परिस्थिती सांगतो. मी बीबीए केलेला माणूस, इंजिनिअर नाही. भोसरी एमआयडीसीत वडिलांनी दोन लेथवर सुरू केलेलं वर्कशॉप मी पुढे नेलं. आज आम्ही मुख्यतः वेल्डिंग फिक्स्चर बनवतो. म्हणजे गाडीच्या बॉडीचे पत्र्याचे पार्ट वेल्डिंग करताना ज्या सांगाड्यात पकडतात तो सांगाडा. एका जाड बेस प्लेटवर क्लॅम्प आणि लोकेटर पिनची युनिट उभी केलेली असतात. प्रत्येक पिन कुठे पाहिजे हे थ्रीडी कॅड मॉडेलमध्ये ठरलेलं असतं. आमच्या ड्रॉइंगवर पिनच्या जागेला बहुतेक वेळा ±०.१ मिलीमीटर टॉलरन्स असतो. युनिट उभं केलं, मोजलं, कमी-जास्त असलं की खालची शिम बदलली, परत मोजलं, असं करत करत फिक्स्चर सेट होतं.

पूर्वी आमच्याकडे फक्त एक छोटी मॅन्युअल सीएमएम होती. तिच्यासोबत वडिलांनी नावाजलेलं इन्स्पेक्शन सॉफ्टवेअर घेतलं होतं. छोटे पार्ट त्यावर मोजायचे, मोठं फिक्स्चर टेम्पोत घालून बाहेरच्या लॅबमध्ये न्यायचं. नेताना, उतरवताना काही हललं तर ते आमच्याच अंगावर. म्हणून चाकणच्या एका कस्टमरची ८ फिक्स्चरची ऑर्डर आली तेव्हा मी ठरवलं, आर्म घ्यायचा. कस्टमरची अट होती की रिपोर्ट त्यांच्या टेम्प्लेटमध्ये पाहिजे, आणि ते टेम्प्लेट आमच्याकडे होतं त्याच सॉफ्टवेअरचं होतं. मी मनात म्हटलं, वा, सॉफ्टवेअर आहेच, फक्त आर्म घ्यायचा. इथेच फसलो.

"यूएसबी लावा सर, चालू"

ज्याच्याकडून आर्म घेतला त्याचं हे वाक्य होतं. सहा जॉइंटचा, साधारण अडीच मीटर मापाचा, एका मोठ्या कारखान्यातून निघालेला आर्म. यूएसबी लावली. लॅपटॉपने "टुंग" आवाज केला. सॉफ्टवेअर उघडलं, तर त्याला आर्मचा पत्ताच नाही.

त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत मला जे कळलं ते आधी कोणी वहीच्या पानावर काढून दाखवलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून आता मी तुम्हाला दाखवतो.

आर्म स्वतः माप घेत नाही. प्रत्येक जॉइंटमध्ये एन्कोडर असतो, तो फक्त कोन सांगतो. सहा जॉइंट म्हणजे सहा कोन. स्कॅनर लावायचे आर्म बहुतेक सात जॉइंटचे असतात. हे कोन आणि प्रत्येक नळीची नेमकी लांबी यावरून टोकाचा बॉल हवेत कुठे आहे याचा एक्स-वाय-झेड काढला जातो. हा हिशेब त्या एका आर्मपुरता असतो. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या आर्मचे आकडे वेगळे, कारण दोन नळ्या कधीच तंतोतंत सारख्या बनत नाहीत. ही कॅलिब्रेशनची माहिती बहुतेक आर्म स्वतःच्या मेमरीत ठेवतात, काही जुन्या मॉडेलमध्ये ती कॉम्प्युटरवरच्या फाइलमध्ये असते. जुना आर्म घेताना ती फाइल मिळाली नाही, किंवा दुसऱ्याच आर्मची मिळाली, तर तुमच्या हातात फक्त एक महागडा टेबल लॅम्प आहे असं समजा.

हा हिशेब कॉम्प्युटरपर्यंत आणण्याचं काम आर्म बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर करतो. फारोचा स्वतःचा ड्रायव्हर आहे. हेक्झॅगॉनच्या आर्मला, म्हणजे ज्यांना जुने लोक अजून रोमर म्हणतात त्यांना, आरडीएस नावाचं सॉफ्टवेअर लागतं. विंडोजला यूएसबीवर काहीतरी दिसलं म्हणजे ड्रायव्हर बसला असं नाही.

ड्रायव्हर बसला तरी तुमचं इन्स्पेक्शन सॉफ्टवेअर त्याच्याशी बोललं पाहिजे. त्यासाठी सॉफ्टवेअरच्या बाजूने एक प्लगइन किंवा इंटरफेस लागतो. पॉलीवर्क्ससारखं सॉफ्टवेअर अनेक कंपन्यांच्या आर्मला जोडता येतं, प्रत्येकासाठी वेगळं प्लगइन असतं. पीसी-डीएमआयएसमध्ये सीएमएमसाठीचं आणि पोर्टेबल आर्मसाठीचं लायसन्स या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जुन्या व्हर्जनमध्ये तर योग्य इंटरफेस फाइलचं नाव बदलून ठेवावं लागायचं तेव्हा आर्म दिसायचा. म्हणजे "आमचं सॉफ्टवेअर आर्मला चालतं" हे वाक्य खरं असूनही तुमच्या डोंगलवर ते चालेलच असं नाही.

आमचं नेमकं तेच झालं. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, "तुमच्या लायसन्समध्ये फक्त सीएमएम आहे, पोर्टेबल नाही." ठीक, पोर्टेबल घेतो म्हटलं. मग कळलं की ते सध्याच्या व्हर्जनवरच देतात, आणि आमची एएमसी दोन वर्षांपूर्वी संपलेली. आधी ती मागची भरा. भरली. नवीन व्हर्जन आमच्या लॅपटॉपच्या जुन्या विंडोजवर बसेना, म्हणून लॅपटॉप बदलला. नवीन लॅपटॉपवर आर्मचा सगळ्यात ताजा ड्रायव्हर टाकला, तर त्याने आमचं जुनं मॉडेल ओळखलंच नाही. शेवटी एक मधलं व्हर्जन सापडलं, जे जुन्या आर्मलाही चालतं आणि नवीन सॉफ्टवेअरलाही. हे शोधायला चार दिवस लागले, आणि उत्तर कुठे होतं? सॉफ्टवेअर कंपनीच्या एका तक्त्यात. कोणत्या व्हर्जनला कोणता ड्रायव्हर चालतो याचा तक्ता त्यांच्याकडे असतोच, फक्त तो मागावा लागतो. मी मागितला नव्हता.

सगळं धरून आर्मच्या किमतीच्या साधारण पाचवा हिस्सा वरचा खर्च झाला. बीबीएमध्ये आम्हाला शिकवलं होतं की वस्तूची किंमत आणि ती वापरात आणायची किंमत वेगळी. परीक्षेत मी ते बरोबर लिहिलं होतं!

या काळात काम थांबवता येत नव्हतं. आर्मसोबत एक साधं पॉइंट घेणारं सॉफ्टवेअर होतं, त्यात माप घेऊन पॉइंटची टेक्स्ट फाइल काढायची आणि ती आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आणायची, असं आम्ही दोन फिक्स्चरसाठी केलं. हे चालतं. पण स्क्रीनवर बघत बघत शिम बदलता येत नाही, प्रत्येक वेळी फाइल काढा, आणा, बघा. शिवाय ती फाइल बॉलच्या मध्यबिंदूची आहे की बॉलची त्रिज्या वजा केलेली आहे हे लक्षात ठेवावं लागतं. महिन्यातून एखादं काम असेल तर हा मार्ग वाईट नाही, लायसन्सचे पैसे वाचतात.

हिरवा दिवा

एके दिवशी टेक्निशियन आला, सगळं जोडलं, प्रोब कॅलिब्रेट केला, कोपऱ्यात हिरवा दिवा लागला. आर्म हलवला की स्क्रीनवर प्रोब हलतो. मला एवढा आनंद झाला की मी पूर्ण वर्कशॉपला मिसळ मागवली.

दहा-बारा दिवसांनी टोकाचा बॉल थोडा घासल्यासारखा वाटला. सोबत मिळालेली त्याच मापाची, ६ मिलीमीटरची दुसरी टिप होती. आमच्या मुलाने ती लावली. टिप बदलली की परत कॅलिब्रेशन करायचं हे त्याला माहीत होतं. डेस्कटॉपवर आर्मच्या ड्रायव्हरची युटिलिटी होती, त्यात त्याने ते केलं. स्क्रीनवर "पास" आलं. सगळं नियमाने. मुलाची काही चूक नाही, हे आधीच सांगतो.

मग आम्ही तिसऱ्या फिक्स्चरच्या सेटिंगला बसलो. वरच्या पिन बरोबर. बाजूच्या दोन युनिटच्या पिन ०.३ मिलीमीटरच्या आसपास बाहेर दाखवत होत्या. शिम बदलल्या, परत मोजलं, टॉलरन्समध्ये आलं. रिपोर्ट काढला, हिरवागार. फिक्स्चर चाकणला गेलं.

तिसऱ्या दिवशी फोन. पार्ट बसत नाही, बाजूच्या पिन अडकतायत. त्यांनी त्यांच्या सीएमएमवर मोजलं, तर त्याच दोन युनिट ०.३ बाहेर. उलट्या दिशेने. म्हणजे काय झालं होतं समजतंय ना? फिक्स्चर आधी बरोबर होतं. आम्ही शिम काढून ते बिघडवलं, आणि बिघडवल्याचा सही-शिक्क्याचा रिपोर्ट दिला. कस्टमरने उरलेल्या पाचही फिक्स्चरचं इन्स्पेक्शन थांबवलं. आमचं पुढचं पेमेंट त्या इन्स्पेक्शनवर अडकलेलं, महिनाअखेर जवळ, आणि पगार १४ लोकांचा.

आमच्याकडे इन्स्पेक्शनला एक काका आहेत, वडिलांच्या वेळेपासूनचे. आर्म आल्यापासून ते थोडे नाराजच होते. फिक्स्चर परत आल्यावर ते काही बोलले नाहीत. एक युनिट खोललं, ग्रॅनाईटवर ठेवलं, हाईट गेजने मोजलं आणि म्हणाले, "अरे, युनिट ड्रॉइंगप्रमाणे आहे. तुझा आर्म खोटं बोलतोय." मी म्हटलं, "काका, असं कसं? वरच्या पिन तर बरोबर येतायत." ते म्हणाले, "मग तो कधी खरं बोलतो आणि कधी खोटं, ते शोध."

आणि उत्तर तिथेच होतं.

मनगट

वरच्या पिन मोजताना आर्मचं मनगट सरळ खाली होतं. बेस प्लेटवरची संदर्भाची होल, ज्यांच्यावर सगळं अलाइनमेंट घेतलं होतं, तीसुद्धा मनगट खाली ठेवूनच मोजली होती. बाजूच्या पिन मात्र मनगट आडवं वळवून मोजाव्या लागायच्या.

समजा टोकाचा बॉल नेमका कुठे आहे याबद्दल सॉफ्टवेअरची समजूत पाव-तीस मिलीमीटरने चुकीची आहे. मनगट एकाच दिशेत ठेवलं तर प्रत्येक पॉइंट तेवढाच, त्याच बाजूला सरकतो. संदर्भ होलही सरकलं, पिनही सरकली, दोघांमधलं अंतर बरोबरच येतं. मनगट वळवलं की ती चूकही वळते, आणि अंतर चुकतं. म्हणून अर्धा रिपोर्ट खरा, अर्धा खोटा. पूर्ण खोटा असता तर पहिल्याच दिवशी पकडला असता.

चूक आली कुठून? आमच्या जोडणीत प्रोबची माहिती दोन ठिकाणी राहत होती. एक ड्रायव्हरच्या युटिलिटीत, एक इन्स्पेक्शन सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या यादीत. टेक्निशियनने पहिल्या दिवशी कॅलिब्रेशन सॉफ्टवेअरमधून केलं होतं. मुलाने टिप बदलल्यावर युटिलिटीमधून केलं. युटिलिटी म्हणाली पास, आणि सॉफ्टवेअर मात्र जुन्या टिपचेच आकडे वापरत राहिलं. दोन्ही टिप ६ मिलीमीटरच्या, त्यामुळे होलचा व्यास बरोबर यायचा, शंका यायला जागाच नाही. दुसरा मापाचा बॉल लावला असता, समजा ३ मिलीमीटरचा, तर होलचा व्यास थेट ३ मिलीमीटरने चुकला असता आणि लगेच लक्षात आलं असतं.

प्रत्येक कंपनीच्या जोडणीत ही व्यवस्था वेगळी असते. काहींमध्ये सॉफ्टवेअर ड्रायव्हरचंच कॅलिब्रेशन उचलतं, काहींमध्ये स्वतःचं ठेवतं. काही नवीन आर्म प्रोब बदलला की आपोआप ओळखतात, आमचा जुना ओळखत नाही. त्यामुळे टेक्निशियन तुमच्याकडे येईल तेव्हा चहा द्यायच्या आधी विचारा, "प्रोबचं कॅलिब्रेशन कुठून करायचं, आणि सॉफ्टवेअर नेमके कुठले आकडे वापरतं?" आणि त्याच्यासमोर तुमच्या माणसाकडून एकदा करून घ्या.

हे पकडायची परीक्षा मात्र सगळीकडे एकच, आणि त्याला दहा मिनिटं लागतात. एक पक्का बसवलेला कोन घ्यायचा, म्हणजे शंकूच्या आकाराचा खड्डा, ज्यात प्रोबचा बॉल नीट बसेल. बॉल त्यात ठेवायचा आणि मनगट, कोपर सगळं फिरवत वेगवेगळ्या बाजूंनी पॉइंट घ्यायचे. बॉल जागेवरच आहे, तर सगळे पॉइंट एकाच जागी आले पाहिजेत. आमचे पॉइंट जवळपास ०.४ मिलीमीटरमध्ये पसरले होते. सॉफ्टवेअरमधून कॅलिब्रेशन परत केलं, तीच परीक्षा घेतली, पसारा ०.०४ वर आला. मी पाच मिनिटं नुसता स्क्रीनकडे बघत बसलो.

ही काही आमच्या काकांची शोधलेली युक्ती नाही. आर्मच्या तपासणीसाठी अमेरिकेचं एएसएमई बी८९.४.२२ हे स्टँडर्ड २००४ मध्ये आलं, त्यात एकाच बिंदूवर आर्म फिरवून बघायची चाचणी आहे. नंतर २०१६ मध्ये आयएसओ १०३६०-१२ आलं, त्यातही आर्म वेगवेगळ्या स्थितीत वळवून तपासतात. कोटेशन बघताना एवढं बघा की अचूकतेचा आकडा कोणत्या स्टँडर्डचा आहे. जुन्या आर्मचा एएसएमईचा आकडा आणि नव्याचा आयएसओचा आकडा शेजारी ठेवून कोणता चांगला हे ठरवता येत नाही, चाचण्याच वेगळ्या आहेत.

कोनाची परीक्षा मात्र लांबी तपासत नाही. त्यासाठी आम्ही एक कॅलिब्रेट केलेला लेंग्थ बार आणि एक मास्टर रिंग ठेवली आहे, दोन्हीची सर्टिफिकेट एनएबीएल लॅबची. बार आडवा, उभा, तिरका ठेवून मोजायचा. आर्मच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे.

पत्र्याच्या शेडमधला एप्रिल

हे थोडं बाजूला जातंय, पण याच भानगडीत आम्हाला दुसरी चूक सापडली, म्हणून सांगतो.

मापं २० अंश सेल्सिअसला धरायची असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. आमच्या शेडमध्ये एप्रिलच्या दुपारी ३५ सहज असतं. स्टील एका मीटरला एका अंशामागे साधारण ११ ते १२ मायक्रॉन वाढतं. दीड मीटरची बेस प्लेट, १५ अंशांचा फरक, करा गुणाकार. पाव मिलीमीटरच्या वर जातं. आणि आमचा टॉलरन्स ±०.१!

आर्ममध्ये तापमानाचे सेन्सर असतात, तो स्वतःच्या नळ्यांची वाढ सांभाळतो. तुमच्या प्लेटची वाढ त्याला माहीत नसते. ती इन्स्पेक्शन सॉफ्टवेअरमध्ये सांगावी लागते, पार्टचं तापमान आणि धातू कोणता ते. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ती खिडकी होती, सीएमएम एसी खोलीत असल्यामुळे आम्ही कधी उघडलीच नव्हती. आता एक साधा टच थर्मामीटर प्लेटवर ठेवतो आणि मोठं फिक्स्चर शक्यतो सकाळी मोजतो. शेजारच्या गाळ्यात पॉवर प्रेस आहे, ती सकाळी साडेनऊला सुरू होते, तोही एक फायदा. प्रेस पडताना आर्मचा बेस हलला तर पॉइंट गेलाच.

कस्टमरचं काय झालं

मी चाकणला स्वतः गेलो. वडील म्हणाले, फोनवर सांगू नकोस, समोर जा. क्वालिटीच्या मॅडमसमोर लॅपटॉप उघडला आणि दोन्ही आकडे दाखवले, आधीचा पसारा आणि नंतरचा. कॅलिब्रेशन चुकीच्या ठिकाणी झालं होतं, रिपोर्ट चुकीचा होता, आमची जबाबदारी, असं सरळ सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी पाठवलेल्या दोन फिक्स्चरचं काय?" माझ्या पोटात गोळा आला. ती दोन टिप बदलण्याच्या आधीची होती, पण हे मला सिद्ध करता येत नव्हतं, कारण टिप कोणत्या तारखेला बदलली याची कुठेच नोंद नव्हती. शेवटी ती दोन्हीही त्यांच्याकडे आमच्या खर्चाने परत मोजली. बरोबर निघाली. तिसऱ्याच्या शिम परत बदलल्या. पेमेंट एकवीस दिवस उशिरा आलं, त्या महिन्याचे पगार ओव्हरड्राफ्टमधून केले.

तेव्हापासून आर्मजवळ एक रजिस्टर आहे. रोज सकाळी काका कोनाची परीक्षा घेतात, पसारा किती आला, टिप कोणती, तापमान किती, लिहून सही करतात. प्रत्येक रिपोर्टसोबत त्या दिवसाच्या पानाचा फोटो जातो. ही अट कस्टमरने घातली नव्हती, आम्हीच सुरू केलं. आता त्या मॅडम त्यांच्या दुसऱ्या व्हेंडरकडेही ते पान मागतात, असं कानावर आलं. त्या व्हेंडरने मला फोनवर प्रेमाने चार शब्द सुनावले!

तुम्ही घेणार असाल तर

पहिला प्रश्न स्वतःला विचारा, आर्म महिन्यात किती दिवस लागणार. चार-पाच दिवसच असेल तर मोजून देणारे लोक आर्म घेऊन तुमच्या दारात येतात, दिवसाच्या हिशेबाने. त्यांनाच बोलवा, आणि त्यांना कोनाची परीक्षा तुमच्यासमोर करायला सांगा. चांगला माणूस लगेच करून दाखवतो. चिडला तर दुसरा बघा.

घ्यायचाच असेल तर डेमो विकणाऱ्याच्या लॅपटॉपवर बघू नका. तुमचा लॅपटॉप, तुमचा डोंगल, तुमचा पार्ट घेऊन जा. त्याच्या लॅपटॉपवर सगळंच चालतं. आर्मचं मॉडेल आणि सिरियल नंबर आधी मागून घ्या आणि ते तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला ईमेल करा. प्रश्न एवढाच ठेवा: माझ्या लायसन्सवर, माझ्या व्हर्जनवर, या विंडोजवर हा आर्म थेट जोडता येईल का, नसेल तर काय काय घ्यावं लागेल आणि त्याचे किती. उत्तर ईमेलवरच घ्या, फोनवर "होऊन जाईल सर" असंच मिळतं. आर्मच्या पेमेंटचा शेवटचा हप्ता तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या पार्टचा रिपोर्ट निघाल्यावर द्यायचा, हे पीओमध्येच लिहा. आम्ही सगळे पैसे आधीच देऊन बसलो होतो, त्यामुळे नंतर फोन उचलायची घाई फक्त आम्हालाच होती.

जोडणीच्या दिवशी छोट्या गोष्टी नडतात. आर्मचं दुसरं सॉफ्टवेअर मागे उघडं असेल तर आर्म त्याने धरून ठेवलेला असतो, तुमच्या सॉफ्टवेअरला मिळत नाही. स्वस्त यूएसबी हब मध्ये घालू नका, आणि यूएसबीची वीज वाचवणारी विंडोजची सेटिंग बंद करा, नाहीतर जेवून आलात की आर्म गायब. वायफायने जोडत असाल तर फायरवॉल बघा. युनिट मिलीमीटर आहे की इंच हेही बघा. हसू नका, आमच्या ओळखीच्या एकाकडे अर्धा दिवस गेलाय यात.

आणि ते सगळं चालू झालं की लॅपटॉपवरचा विंडोज अपडेट आपोआप होऊ देऊ नका. आमचा आर्मचा लॅपटॉप वेगळा आहे, त्यावर टॅली नाही, ईमेल नाही, मुलांचे सिनेमे तर अजिबात नाहीत.

कोन कसा बनवायचा हे पुढच्या व्हिडिओत दाखवतो. ओएचएनएसचा एक तुकडा, ९० अंशांचं काउंटरसिंक, हार्डनिंग करून घ्यायचं आणि आर्म ज्या टेबलवर आहे त्याच टेबलवर दोन बोल्टने पक्कं बसवायचं. काका कॅमेऱ्यासमोर यायला अजून तयार नाहीत, त्यामुळे बहुतेक त्यांचे हात दिसतील.